मोटारीच्या कारखान्यास सरकारने सवलती द्याव्यात काय?

वादविवाद मंडळांत हा विषय निघाला म्हणजे दोन प्रकारची भाषणे ठरलेली असतात. एक वक्ता रोजगाराचे गोडवे गातो. दुसरा उठून धनिकांना प्रजेचा पैसा वाटू नये असे बजावतो. टाळ्या दोघांनाही मिळतात. परंतु सवलत म्हणजे नेमके काय, ती कोणत्या पेटीतून निघते आणि कोणाच्या हाती पडते, हे दोघांपैकी एकानेही सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखात त्या गोष्टीचा थोडा अभ्यास करण्याचा हेतू आहे. आणि तो हेमलकशासारख्या ठिकाणी बसून करावयाचा असल्याने, ज्या जिल्ह्यास सरकार सर्वांत अधिक सवलती देऊ करते त्या जिल्ह्याच्या नजरेने तो प्रश्न पाहणे प्राप्त आहे.

प्रथम इतिहास पाहू, कारण हा वाद आजचा नव्हे. म्हैसूरचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना आखली. उद्योगपती वालचंद हिराचंद त्या खटपटीत होते. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबईत अधिकारावर आले, तेव्हा त्याच्यापुढे मागणी ठेवण्यात आली ती अशी की, कारखान्याच्या भांडवलावर काही वर्षे ठरावीक व्याज सुटेल याची हमी प्रांतिक सरकारने घ्यावी. म्हणजे नफा झाला तर सरकारला काही देणे नाही. तोटा आला तर मात्र भागधारकांचे व्याज खजिन्यातून भरावयाचे. खेर मंत्रिमंडळ अनुकूल होते. दिल्लीचे सरकार अनुकूल नव्हते. आणि १९३९ च्या नोव्हेंबरात, महायुद्धाच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. योजना तशीच राहिली. पुढे १९४४ साली वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, अमेरिकेच्या क्राय्स्लर कंपनीचे साहाय्य घेतले, आणि मुंबईत कुर्ल्यास कारखाना उभा राहिला. हमीवाचून कारखाना निघाला खरा. पण किती वर्षे उशिराने निघाला, हेही हिशेबात धरले पाहिजे. सवलतीच्या बाजूने बोलणाऱ्यास याहून चांगला दाखला घरचा मिळणार नाही.

महाराष्ट्र राज्यात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले व १९६४ पासून प्रोत्साहनांची सामूहिक योजना सुरू झाली. तिचा मूळ उद्देश मुंबई, ठाणे, पुणे ह्या पट्ट्यात दाटलेले उद्योग राज्याच्या इतर भागांत पांगवावे हा होता. तालुक्यांच्या श्रेणी पाडण्यात आल्या. पुढारलेल्या तालुक्यास काही नाही किंवा अल्प, आणि जो जो मागासलेला त्यास तो तो अधिक. गडचिरोली जिल्हा (तो १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला) विनाउद्योग जिल्हा म्हणून ह्या शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर बसलेला आहे.

सवलतींचे प्रकार मुख्यत्वे येणेप्रमाणे: जमिनीच्या दस्तावरील मुद्रांक शुल्क माफ, विजेवरील शुल्क काही वर्षे माफ, लहान उद्योगांस व्याजाच्या व वीजदराच्या रकमेत मदत, आणि मोठ्या उद्योगास त्याने भरलेल्या राज्यकराचा काही भाग परत. ह्यांतील शेवटचा प्रकार महत्त्वाचा आहे. येथे सरकार खिशातून रोकड काढून देत नाही. आलेला कर परत करते. म्हणून त्याचा बोजा लोकांच्या नजरेस पडत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तर एक नवीच अडचण निर्माण झाली. हा कर माल जेथे खपतो त्या राज्यास मिळतो, जेथे तयार होतो त्या राज्यास नव्हे. पुण्यात बनलेली मोटार केरळात विकली तर राज्यकर केरळास. मग कारखाना आपल्याकडे असून त्याच्या करातले आपल्याला काय, हा प्रश्न अर्थखात्याने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

योजनेस यश मुळीच आले नाही असेही नाही. १९८५ साली बजाज कंपनीचा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजला निघाला, त्याच्या आश्रयाने सुटे भाग करणारे लहान कारखाने उभे राहिले, आणि मराठवाड्यातील ते शहर यंत्रोद्योगाचे ठिकाण बनले. त्याच धाग्याने पुढे श्रीमंत परदेशी मोटारीही शेजारच्या शेंद्र्यात बांधल्या जाऊ लागल्या.

मग गडचिरोलीस मोटारीचा कारखाना का आला नाही? सवलत तर येथे सर्वांत मोठी! विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून ह्या प्रश्नाचे उत्तर स्वतः शोधावे. एका मोटारीत लहानमोठे हजारो भाग असतात. ते सर्व एकाच कारखान्यात होत नाहीत. शेकडो पुरवठादार ते करतात, आणि गोदामाचे भाडे वाचावे म्हणून रोजच्या रोज, कित्येकदा तासातासाने, पोहोचवितात. पुण्याच्या आसमंतात ओतकाम करणारे, घडाई करणारे, काच व रबर पुरविणारे कारखाने तर आहेतच. शिवाय मोटारींची कसोटी घेणारी संस्था १९६६ पासून तेथे आहे. गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ रेल्वे काय ती देसाईगंज वडशाला. आणि आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा संबंध तुटल्याची वार्ता वर्षानुवर्षे ठरलेली. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला तेव्हा येथवर बारमाही रस्ता नव्हता. ज्या तालुक्यात औषधाची पेटी वेळेवर पोहोचविणे हेच एक कार्य होऊन बसते, तेथे तासातासाने सुटे भाग कोण पोहोचविणार? करमाफी ही रस्त्याची, पुलाची आणि शिकलेल्या हातांची जागा घेऊ शकत नाही.

गंमत पुढेच आहे. योजना मागासलेल्या भागांसाठी निघाली. पण फार मोठ्या भांडवलाच्या उद्योगास विशाल प्रकल्प म्हणून निराळी, त्याच्यापुरती ठरविलेली सवलत देण्याची वाट पुढे काढण्यात आली. त्या वाटेने चाकण व तळेगाव ह्या पुढारलेल्या भागांतील मोटार कारखान्यांनाही सवलती मिळाल्या. तो कारखाना पुण्यास येणारच होता, की सवलतीमुळे आला? अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन अनुमान काढले की, सवलत मिळालेल्या शंभर उद्योगांपैकी फक्त २ ते २५ उद्योगांचा निर्णय सवलतीमुळे फिरला असावा. बाकीचे तसेही आले असते.

सरकार म्हणेल, आम्ही न दिली तर शेजारचे राज्य देईल. ह्यात तथ्य आहे. पश्चिम बंगालमध्ये सिंगूर येथे नॅनो मोटारीसाठी घेतलेल्या सुमारे १,००० एकर जमिनीवरून शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी तेथून पाय काढला. पुढील काही दिवसांत गुजरातने साणंदची जमीन देऊ केली. बंगालचे प्रकरण मात्र मिटले नाही: २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन रद्द ठरविले, आणि २०२३ साली लवादाने टाटांना सुमारे ७६६ कोटी रुपये भरपाई देण्याचा निवाडा बंगालच्या महामंडळाविरुद्ध दिला. जी मोटार मिळविण्यासाठी एवढी चढाओढ झाली तिचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. साणंदचा कारखाना इतर मोटारी बांधीत राहिला, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितलेच पाहिजे. तेथेच आलेल्या फोर्ड कंपनीने मात्र २०२१ साली भारतातील उत्पादन आवरते घेण्याचे जाहीर केले.

आपल्याकडचा दाखला तळेगावचा. जनरल मोटर्सचा कारखाना तेथे २००८ साली सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने देशातील विक्री बंद केली व डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही थांबविले. हजारावर कामगारांचा प्रश्न न्यायालयात गेला. चीनच्या एका कंपनीशी झालेला सौदा फिसकटला. अखेरीस २०२३ साली ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. मधल्या काळात यंत्रे गप्प होती आणि घरांचे हप्ते चालू होते. कारखाना आणताना जो समारंभ होतो त्यात ह्या दिवसांचा उल्लेख कोणी करीत नाही.

आता आमच्या रानाकडे वळू. येथे मोटार नाही आली, तरी सवलत आली होती. फक्त तिला त्या नावाने कोणी ओळखत नसे. बल्लारपूरच्या कागद गिरणीस चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळत आला. सूप-टोपल्या विणणाऱ्या आणि घराला कूड घालणाऱ्या माणसाला बांबू तोडण्यास मात्र मज्जाव. हीसुद्धा सवलतच, कच्च्या मालातली. अंदाजपत्रकात तिचा आकडा कोठेही दिसत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने ह्या व्यवस्थेस हरकत घेतली, वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळविला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावाने बांबू विकला, मजुरी दिली, शिल्लक राखली. सरकारी तिजोरीतून ह्यासाठी एक पैही जावी लागली नाही. एक कागद तेवढा देण्याचा होता.

आणि लोखंड. मोटारीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पोलाद-लोखंडाचा असतो, आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा आहे. त्याच डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे, त्यामुळे परिसरातील अनेक ग्रामसभांनी खाणीस विरोध केला. तरी खाण चालू झाली, चामोर्शी तालुक्यात कोनसरीस लोहप्रकल्प उभा राहिला. सवलत द्यावयाची ती येथे कशी द्यावी, हा खरा स्थानिक प्रश्न होय. माझ्या मते करमाफीच्या करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्याखेरीज सही होऊ नये. किती स्थानिक माणसे, कोणत्या पगारावर व कोणत्या शिक्षणानंतर घेणार. मुदतीपूर्वी काम बंद केल्यास घेतलेली सवलत कशी परत करणार. आणि करार मराठीत व माडियात ग्रामसभेपुढे वाचून दाखविणार की नाही. तिसरी अट कित्येकांस क्षुल्लक वाटेल. ती सर्वांत कठीण आहे.

२०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनुसार खनिजाच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात एक ठरावीक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा करावी लागते आणि ती खाणीने बाधित झालेल्या लोकांसाठी वापरावयाची असते. सवलतीची रक्कम आणि प्रतिष्ठानात जमा झालेली रक्कम, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहणे हा गणिताच्या तासास योग्य असा अभ्यास आहे. पुढील वादविवादास उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी भाषण पाठ करण्यापूर्वी तो एकदा करावा, आणि विरुद्ध पक्षासही त्याची एक प्रत द्यावी.