तंजावरला काय काय बघायचं?

तंजावर हे शहर तामिळनाडू राज्यात कावेरी नदीच्या सपाट मुलखात आहे. तिथं भात खूप पिकतो. आपल्या शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथं राजे झाले. भोसल्यांचं ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं.

गावातलं मोठं देऊळ बृहदीश्वराचं. ते चोळ राजा राजराजाने बांधले व इ. स. १०१० मध्ये पुरे झाले. शिखर २०० फुटांहून उंच, सगळं दगडी. समोरचा नंदी एकाच दगडाचा, दोन माणसांएवढा उंच! शिखराची सावली भुईवर पडत नाही असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. आमच्या झेंड्याच्या काठीचीसुद्धा सावली पडते.

मला बघायची आहे ती देवळाची भिंत. तिच्यावर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. सगळीकडे तमिळ बोलणारी माणसं आणि भिंतीवर मराठी! जुनी मराठी अवघड असते, पण थोडी तरी वाचता येते का ते बघणार.

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथं ताडपत्रावरची पुस्तकं आणि मोडी कागद आहेत. सरफोजीराजांनी इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. पुस्तकाचं नाव ‘बाळबोध मुक्तावली’. दोनशे वर्षांपूर्वी तिथली पोरं कोल्हा नि द्राक्षं मराठीत वाचत असतील.

तंजावरची बाहुली ढकलली तरी परत उभी राहते, कारण तिचं बूड गोल आणि जड असतं.

– इयत्ता चौथी