जिवंत तट

आरे ही स्वित्झर्लंडमधील एक मोठी नदी आहे. तिच्याजवळ एका टेकडीवर हाब्सबुर्ग नावाचा लहानसा किल्ला आहे. सुमारे १०२० ते १०३० या काळात राडबोट नावाच्या सरदाराने तो बांधला.

या किल्ल्याबद्दल एक दंतकथा सांगतात. राडबोटला बांधकामासाठी बिशप वेर्नर या नातलगाने पैसे दिले होते. किल्ला पाहून बिशप नाराज झाला. त्याने विचारले, "किल्ल्याला तट कुठे आहे?"

राडबोट म्हणाला, "उद्या सकाळी दिसेल."

सकाळी बिशपने खिडकीतून पाहिले. किल्ल्याभोवती राडबोटची माणसे शस्त्रे घेऊन उभी होती! राडबोट म्हणाला, "हाच माझा तट. तुमचे पैसे मी यांच्यासाठी खर्च केले."

पुढे किल्ल्यावरून या घराण्याला हाब्सबुर्ग हे नाव मिळाले. त्या काळी जमीन हीच मोठी दौलत होती. शेतकरी सरदाराची जमीन कसत आणि त्याला पिकाचा वाटा देत. १२६४ मध्ये किबुर्ग घराण्यात पुरुष वारस उरला नाही. त्यांच्या बहुतेक जमिनी रुडोल्फ हाब्सबुर्गने मिळवल्या. त्याची आई किबुर्ग घराण्यातील होती. १२७३ मध्ये रुडोल्फ जर्मनीचा राजा झाला. १२८२ मध्ये त्याने ऑस्ट्रिया आपल्या मुलांना दिला.

घराणे मोठे झाले. पण डोंगरातील लोकांना त्यांची सत्ता नको होती. १२९१ मध्ये उरी, श्वीत्स आणि उंटरवाल्डेन येथील लोकांनी एकमेकांना मदत करण्याचा करार केला. १३१५ मध्ये मॉर्गार्टेन येथे आणि १३८६ मध्ये सेंपाख येथे त्यांनी व त्यांच्या मित्रांनी हाब्सबुर्गांच्या फौजेचा पराभव केला. १४१५ मध्ये त्यांच्या संघातील बर्न शहराने हाब्सबुर्ग किल्लाच घेतला.

या घराण्याने ऑस्ट्रियावर १९१८ पर्यंत राज्य केले. पण नाव देणारा किल्ला त्यांना परत मिळाला नाही. राडबोटचा तट माणसांचा होता. माणसे दुरावली, तेव्हा दगडी किल्ला उपयोगी पडला नाही.

शब्दार्थ
तट – किल्ल्याची भिंत
दंतकथा – लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट
जमीन कसणे – शेती करणे
दुरावणे – दूर जाणे

स्वाध्याय
१. बिशप नाराज का झाला?
२. रुडोल्फला किबुर्गच्या जमिनी कशा मिळाल्या?
३. या पाठाला 'जिवंत तट' हे नाव का दिले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.