निघंटूंतील पर्यायनामे आणि संगणकीय कोशरचना

'अमृता' हा एकच शब्द अमरकोशात गुडूची, हरीतकी व आमलकी या तिन्ही द्रव्यांच्या पर्यायांत आला आहे. प्रकरण व योग पाहून वैद्य उचित अर्थ ग्रहण करतो. संगणकास प्रकरण कळत नाही, त्यास केवळ अक्षरे दिसतात. औषधी भांडारांच्या याद्या संगणकावर गेल्यापासून हा प्रश्न पंडितांपुरता राहिलेला नाही.

आमच्या यादीत अनेक वर्षे 'ब्राह्मी' या एकाच नोंदीखाली दोन वनस्पतींचा साठा जमा होत असे. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोन्निएरी. परंतु बाजारात त्याच नावाने पुष्कळदा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका मिळते. घृतपाकासाठी आणलेला माल उघडल्यावर हे ध्यानी आले. कागदोपत्री कोणाचीही चूक नव्हती. नाव बरोबरच होते!

कोशसामग्री यंत्रास वाचता यावी म्हणून 'लेक्सिकल मार्कअप फ्रेमवर्क' हे आयएसओ २४६१३ मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१६ मध्ये डब्ल्यू३सीच्या समुदाय-गटाने 'ऑन्टोलेक्स-लेमन' ही रचना मांडली. तिच्यात शब्दाची नोंद, त्याची रूपे, त्याचा अर्थ आणि तो अर्थ ज्याकडे निर्देश करतो ती वस्तू, ही सर्व पृथक् ठेवली जातात. यानुसार 'अमृता' या नोंदीस तीन अर्थ जोडले जातील व प्रत्येक अर्थ वेगळ्या द्रव्याच्या क्रमांकाकडे नेईल. उलटपक्षी गुडूची, वत्सादनी, छिन्नरुहा आणि आपली गुळवेल, या साऱ्या नोंदी एकाच क्रमांकास मिळतील. व्याकरणासही येथे स्थान आहे. स्त्रीलिंगी 'अभया' म्हणजे हरीतकी आणि नपुंसकलिंगी 'अभयम्' म्हणजे उशीर. लिंग न नोंदविल्यास हिरडा आणि वाळा यांची गल्लत होण्यास एक काना पुरेसा आहे.

अर्थात संदिग्ध द्रव्यांचा वाद अशा रचनेने मिटत नाही. शंखपुष्पी म्हणून केरळात गोकर्णी वापरतात, तर फार्माकोपियात कॉन्व्होल्व्हुलस प्लुरिकॉलिस आहे. दोन्ही अर्थ आपापल्या आधारासह व प्रदेशासह नोंदविता येतात, इतकेच.

भांडारचालकांनी महागडी प्रणाली घेण्याची आवश्यकता नाही. द्रव्यास क्रमांक, त्यापुढे शास्त्रीय नाव व प्रयोज्य अंग, आणि पर्यायांची यादी वेगळी, एवढे साध्या तक्त्यातही साधते. आम्ही चूर्णांची यादी याच रीतीने पुन्हा लिहीत आहोत. तूर्त काम रास्नेपाशी अडले आहे: उत्तरेकडील प्लुचिया लॅन्सिओलाटा आणि दक्षिणेकडील अल्पिनिया गलंगा यांना आम्ही दोन क्रमांक दिले आहेत, परंतु जुन्या पावत्यांतील रास्ना कोणत्या क्रमांकाखाली घालावी, हे पोती उघडून पाहिल्यावाचून ठरणार नाही.