साथीचा रोग आणि मुलांच्या क्रीडास्पर्धा : एक विचार

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. साथीच्या काळात मुलांच्या क्रीडास्पर्धा घ्याव्यात की नाही, असा प्रश्न निघाला की वडीलधारी मंडळी हीच म्हण पुढे करतात आणि विषय संपवतात. उलट आम्हा खेळणाऱ्यांना वाटते, की तरुण पोरांना काय होते? मोकळ्या हवेत खेळणाऱ्याला रोग शिवत नाही! या दोन्ही उत्तरांत विचार थोडा आणि घाई फार आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील मुळा धरणाच्या कालव्याखालच्या शेतांत रोजंदारीने जातात. माझी थोरली बहीण, ताई, कबड्डी खेळत असे. अकरावीत असताना ती जिल्हा पातळीपर्यंत जाऊन आली होती. २०२०-२१ हे तिचे बारावीचे, म्हणजे शालेय स्पर्धांतले शेवटचे वर्ष. त्या वर्षी कोरोनामुळे आपल्या राज्यात शालेय क्रीडास्पर्धा झाल्याच नाहीत. आपल्याकडे खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव असतात. गरिबाच्या मुलीला खेळ ही नुसती करमणूक नसते, ती एक वाट असते. ताईची वाट तिथे बंद झाली. पुढे तिचे लग्न झाले आणि मैदान सुटले ते सुटलेच.

आता दुसरी बाजू. मार्च २०२१ मध्ये, साथ ओसरली असे सगळ्यांना वाटत असताना, शेजारच्या एका गावात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरले. चुलतभावांच्या संघाबरोबर मीही गेलो. छोटा हत्तीत आम्ही पंधरा-सोळा जण दाटीवाटीने बसलो होतो. पाण्याचा जार एक आणि पेलाही एकच. आठ दिवसांनी माझा चुलतभाऊ खोकू लागला. पाठोपाठ आजीला ताप भरला. आजी अकरा दिवस कोविड केंद्रात प्राणवायूवर होती. ती परत आली, पण पूर्वीसारखी शेताच्या बांधापर्यंत चालत जाणे तिला पुन्हा जमले नाही. रोग आम्हीच घरी आणला, असे मी सिद्ध करू शकत नाही. त्या दिवसांत बाजारही भरत होता आणि लग्नेही होत होती. पण आम्ही आणला नाही, असेही मला म्हणता येत नाही.

एकाच घरात स्पर्धा न झाल्याचे नुकसान आणि स्पर्धा झाल्याचे भय, दोन्ही मी पाहिली. म्हणून ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढ्यावर माझे समाधान होत नाही.

खेळ आणि जमाव

पहिली गोष्ट ही, की खेळ वेगळा आणि स्पर्धा वेगळी. गावातल्याच दहा मुलांनी रोज संध्याकाळी खेळणे आणि दहा गावांच्या मुलांनी एका ठिकाणी जमणे, यांत मोठा फरक आहे. साधा हिशेब करू. दहा संघ आणि प्रत्येक संघात बारा खेळाडू धरले तर १२० मुले झाली. बाद पद्धतीने खेळवले तर एकूण ९ सामने होतात. साखळी पद्धतीने तेच ४५ होतात. म्हणजे मुले तेवढीच, पण अंगाला अंग लागण्याचे प्रसंग पाचपट! पत्रिका छापताना आपण बक्षिसांचा विचार करतो, या आकड्याचा करीत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिसेंबर २०२० मध्ये शालेय कुस्तीच्या दोन स्पर्धा झाल्या. दहा शाळांचे मल्ल, मार्गदर्शक आणि पंच मिळून सुमारे १३० जण होते. नंतर त्यांपैकी ५४ जणांची तपासणी झाली आणि ३८ जणांना लागण झाल्याचे आढळले. पुढे त्यांच्या संपर्कात आलेल्या पन्नाशीपुढच्या एका व्यक्तीचा मृत्यू झाला. मल्ल बरे झाले. प्राण गेला तो आखाड्यात न उतरलेल्या माणसाचा. तरुणांना काय होते, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. प्रश्न तरुणांचा नसून ते ज्या घरी परततात त्या घराचा असतो.

सर्व खेळ सारखे नसतात, हेही खरे. कुस्तीत तोंडाला तोंड भिडते. कबड्डीत चढाई करणारा मोठ्याने दम घेत सात जणांच्या घोळक्यात शिरतो. खो-खोत स्पर्श क्षणाचा असतो. धावण्याच्या शर्यतीत प्रत्येकाची पट्टी निराळी. बंद सभागृहापेक्षा उघडे मैदान बरे, यात शंका नाही. परंतु धोका मैदानावरच असतो असे समजणे चूक आहे. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात डिसेंबर २०२१ मध्ये आधी १९ विद्यार्थ्यांना लागण झाल्याचे कळले आणि काही दिवसांतच हा आकडा पन्नासच्या घरात गेला. तिथे कोणतीही स्पर्धा नव्हती. एकत्र राहणे, जेवणे, झोपणे एवढेच पुरेसे झाले. बाहेरगावच्या संघांची सोय आपण शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकून करतो, तेव्हा आपणही नेमके हेच करीत असतो.

प्रवेशद्वाराशी ताप मोजण्याचे यंत्र कपाळासमोर धरले की काळजी मिटली, असा एक समज तेव्हा होता. या रोगात लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो आणि कित्येकांना लक्षणे येतच नाहीत. मे २०२१ मध्ये आपल्या नगर जिल्ह्यात अठरा वर्षांखालील आठ हजारांहून अधिक मुलामुलींना लागण झाल्याची नोंद झाली. त्यांतील बहुतेकांना फारसा त्रास झाला नाही, ही समाधानाची बाब. पण त्रास नसलेला मुलगाच तर हिंडतो, खेळतो आणि आजीशेजारी जेवायला बसतो!

पैसा असला म्हणजे सर्व साधते, असेही नाही. २०२१ च्या आयपीएलमध्ये खेळाडूंना सर्वांपासून अलग ठेवले होते, वारंवार तपासण्या होत होत्या. तरीही लागण आत शिरली आणि ४ मे रोजी स्पर्धा थांबवावी लागली. ती सप्टेंबरात संयुक्त अरब अमिरातीत पुन्हा सुरू झाली. यातून दोन धडे मिळतात. सुरू केलेली स्पर्धा मध्येच थांबवण्याची तयारी हवी. आणि पुढे ढकलणे म्हणजे बुडवणे नव्हे.

निर्णय कसा करावा?

याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच सापडते, असे मला वाटते. हिवरे बाजारने मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले आणि जूनमध्ये शाळा उघडली. पुढे शासनाने महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावांत १५ जुलै २०२१ पासून आठवी ते बारावीचे वर्ग भरवण्यास परवानगी दिली. साऱ्या राज्याला एकच कुलूप न लावता गावागावाची स्थिती पाहिली गेली. स्पर्धेलाही हीच दृष्टी लावता येईल. संयोजकांनी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. येणाऱ्या प्रत्येक गावात गेल्या महिन्यात रुग्ण होते काय? खेळ अंगाला अंग लावणारा आहे काय? मुले येणार कशी आणि राहणार कुठे? त्यांच्या घरी वृद्ध व आजारी माणसे आहेत काय, आणि त्यांना लस मिळाली आहे काय? शेवटचा प्रश्न म्हणजे, एक जरी मुलगा आजारी पडला तरी सामने तत्काळ थांबवण्याची आपली हिंमत आहे काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीची उत्तरे कितीही चांगली असोत, स्पर्धा घेऊ नये.

‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्येही पुष्कळ जागा आहे. दहा गावांऐवजी दोन गावांचा सामना ठेवावा. मुक्काम न करता संध्याकाळी घरी परतावे. साखळीऐवजी बाद पद्धत, कबड्डीऐवजी मैदानी शर्यती घ्याव्यात. साथ जोरात असेल तेव्हा मात्र हेही नको. आपापल्या अंगणात व्यायाम करावा.

हा लेख मी ताईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “सगळं बरोबर आहे रे. पण आमचं ते वर्ष कुणी भरून द्यायचं?” तिचा प्रश्न योग्य आहे. आयपीएल चार महिने पुढे जाते, पण मुलाचे वय थांबत नाही. म्हणून ज्यांना स्पर्धा रद्द करण्याचा अधिकार आहे, त्यांनी त्याच आदेशात वयोमर्यादा एका वर्षाने वाढवावी आणि क्रीडागुणांची पर्यायी सोय जाहीर करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. सर्वांच्या जिवासाठी काही मुलांनी आपले वर्ष द्यायचे असेल, तर ते वर्ष त्यांना परत करणे हे सर्वांचे कर्तव्य ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण १९१८ सालीही अशीच साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली होती. पुढेही कधीतरी साथ येईल. तेव्हा गडबडीत निर्णय करण्यापेक्षा आपल्या जिमखाना समितीने आजच या प्रश्नांचा विचार करून ठेवावा. अनुभवी प्राध्यापकांनी आणि मित्रांनी या विचारांतील उणिवा दाखवल्यास मी त्यांचा ऋणी राहीन.