समीकरण फळ्यावर येण्याआधी

१. आधी बदल पाहू द्या. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकला की फसफसतो. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते. "सर, असं का झालं?" हा प्रश्न वर्गातून उठला की समीकरणाची वेळ झाली.

२. पहिले समीकरण शब्दांत लिहावे: ॲसेटिक आम्ल + खाण्याचा सोडा → सोडिअम ॲसिटेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड. मुले सवयीने बाणाला 'बरोबर' म्हणतात. त्याऐवजी 'यांच्यापासून हे तयार होते' असे वाचून घ्यावे.

३. वजन केल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझा सर्वांत आवडता तास हाच. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत थोडे व्हिनेगर घ्यावे, कागदात गुंडाळलेला चिमूटभर सोडा आत सोडून झाकण लगेच घट्ट लावावे आणि बाटली डिजिटल काट्यावर ठेवावी. फसफस थांबली तरी आकडा तोच राहतो. झाकण उघडले की वायू सुटतो आणि आकडा उतरतो. काहीजण बाटलीच्या तोंडाला फुगा लावतात. मी लावत नाही. फुगलेल्या फुग्याला भोवतालची हवा वर उचलते, त्यामुळे वजन किंचित कमी भरते आणि नेमका मुद्दाच निसटतो. लाव्हाझिएने अठराव्या शतकात बंद भांडी आणि तराजू वापरूनच वस्तुमान टिकते हे दाखवले, हे सांगायची जागा इथे आहे.

४. समीकरण संतुलित करणे हाताने शिकवावे. भिजवलेले हरभरे हायड्रोजन, वाटाणे ऑक्सिजन आणि जोडायला खराट्याच्या काड्या. हायड्रोजनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मोडून पाणी बनवले की एक वाटाणा उरतो. तो संपवायला मुले पाण्याच्या रेणूलाच चिकटवू पाहतात. त्यांना थांबवू नये. तयार झाले ते हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी नव्हे! सूत्रातला खालचा अंक बदलला की पदार्थच बदलतो, हे तिथेच उमगते. मग कोणीतरी हायड्रोजनचा आणखी एक रेणू मागून घेते आणि पाण्याचे दोन रेणू पुरे होतात.

५. संयुजेचे तक्ते पाठ करून घेण्याची घाई नको. सुरुवातीला पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि मॅग्नेशिअम ऑक्साइड तयार होण्याची समीकरणे पुरतात. मॅग्नेशिअमची फीत शिक्षकांनीच चिमट्यात धरून जाळावी आणि जळताना मुलांना तिच्याकडे थेट पाहू देऊ नये. तो प्रखर प्रकाश डोळ्यांना घातक असतो.