नर्सला ‘सिस्टर’ का म्हणतात? – श्रद्धा, शुश्रूषा आणि आपण



चौथीच्या वर्गात ‘आपले मदतनीस’ हा विषय चालू होता. पोस्टमन, सफाई कामगार, पोलीस झाले आणि फळ्यावर मी ‘परिचारिका’ असं लिहिलं. मुलांना शब्द कळेना. मग मी म्हटलं, “दवाखान्यात इंजेक्शन देतात ना, त्या.” लगेच सगळा वर्ग ओरडला, “सिस्टर!” आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, त्या आपल्या बहीण नसतात, मग सिस्टर का म्हणतात?”

खरं सांगते, त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. “उद्या सांगते” म्हटलं, घरी येऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं. संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. सूर रागाचा नव्हता, पण काळजीचा होता. “बाई, शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवताय का?” आपण भिवंडीत राहतो. अशा प्रश्नाला किती जपून उत्तर द्यावं लागतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. फोनवर मी थोडक्यात बोलले, पण ते उत्तर अपुरं होतं. आज सविस्तर लिहिते.

‘सिस्टर’ शब्द कुठून आला?

ख्रिस्ती धर्मात संन्यस्त जीवन स्वीकारणाऱ्या स्त्रिया एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणतात. युरोपात शेकडो वर्षं आजारी माणसांची सेवा मुख्यतः अशा मठांतल्या सिस्टर आणि ब्रदर करत. रोममध्ये फॅबिओला नावाच्या श्रीमंत बाईने चौथ्या शतकाच्या शेवटी गरीब रुग्णांसाठी रुग्णालय काढलं. तिथे ती स्वतःच्या हाताने रुग्णांच्या जखमा धूत असे. पुढे १६३३ मध्ये पॅरिसला व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईझ डी मारिलॅक यांनी सेवाभावी भगिनींचा एक संघ सुरू केला. या भगिनी मठाच्या भिंतीआड न राहता गरिबांच्या घरोघरी जाऊन शुश्रूषा करू लागल्या. इंग्लंडमध्ये वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणायची पद्धत पडली, तीच इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. आपण तर प्रत्येक नर्सला सिस्टर करून टाकलं, मग ती कोणत्याही धर्माची असो. पुरुष परिचारक असेल तर ‘ब्रदर’.

या स्त्रिया हे काम का करत होत्या? त्यांच्या धर्मग्रंथातल्या एका गोष्टीत याचं उत्तर सापडतं. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात ती आहे. एका वाटसरूला चोरांनी मारून रस्त्यात टाकलं. एक धर्मगुरू आला, बघून पुढे गेला. मंदिराचा एक सेवेकरी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी माणूस आला. शोमरोनी आणि यहुदी यांचं आपसात अजिबात पटत नसे. तरी तोच थांबला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं आणि पुढच्या खर्चाचे पैसेही दिले.

या गोष्टीत एक बारकावा आहे, तो मुलांच्या आधी आपण लक्षात घ्यायला हवा. शोमरोन्याने जखमीला “तुझा धर्म कोणता?” असं विचारलं नाही. बरा झाल्यावर “आता माझ्याकडे ये” असंही म्हटलं नाही. श्रद्धा त्याच्या थांबण्यात दिसते.

आध्यात्मिक काळजी म्हणजे नक्की काय?

नर्सिंगच्या अभ्यासात ‘आध्यात्मिक काळजी’ असा भाग असतो. हे ऐकून पूजा, प्रवचन, भजन असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात गोष्ट साधी आहे. आजारी माणसाचं फक्त शरीर दुखत नसतं. त्याला भीती असते, एकटेपणा असतो. “माझ्याच वाट्याला का?”, “माझ्यामागे मुलांचं काय होईल?”, “कुणाची माफी मागायची राहिली का?” असे प्रश्न रात्री दोन वाजता, वॉर्ड शांत झाल्यावर येतात. त्या वेळी डॉक्टर जवळ नसतात, नातेवाईकांना बाहेर थांबवलेलं असतं. असते ती रात्रपाळीची सिस्टर.

इंग्लंडमधल्या सिसिली सॉन्डर्स या बाईंनी हे फार नीट मांडलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. त्यांची ख्रिस्ती श्रद्धा पक्की होती. मरणासन्न रुग्णांजवळ बसून त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली. म्हणजे शरीराची, मनाची, घरसंसाराची आणि आत्म्याची वेदना एकमेकींत गुंतलेली असते, आणि एकीकडे दुर्लक्ष केलं तर दुसरीही कमी होत नाही. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. तोच विचार पुढे मुंबईत आला. १९८६ मध्ये वांद्र्याला माउंट मेरीजवळ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ‘शांती अवेदना सदन’ सुरू केलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण तिथे येतात. शुश्रूषा ख्रिस्ती सिस्टर करतात, रुग्ण मात्र सगळ्या धर्मांचे असतात. बरं करणं शक्य नसलं तरी काळजी घेणं शक्य असतं, हे तिथे समजतं.

माझ्या बाबांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझे बाबा हृदयाच्या आजाराने अकरा दिवस रुग्णालयात होते. औषधं चालू होती, रिपोर्ट सुधारत होते, पण बाबा जेवेनात, झोपेनात. सारखे घड्याळाकडे बघायचे. आम्ही भावंडं “बाबा, काही होत नाही, टेन्शन घेऊ नका” एवढंच म्हणत होतो.

तिथे केरळची एक सिस्टर होती, गळ्यात बारीकसा क्रॉस. मराठी मोडकंतोडकं. तिने बाबांना विचारलं, “आजोबा, घरी संध्याकाळी काय करता?” बाबा म्हणाले, “हरिपाठ.” चाळीस वर्षांत बाबांचा हरिपाठ कधी चुकला नव्हता. आम्हाला हे माहीत होतं, पण सुचलं नाही. सिस्टरने भावाला घरून पुस्तक आणायला लावलं. रोज साडेसहाला ती पडदा ओढायची, शेजारच्या काकांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायची आणि पंधरा मिनिटं कुणाला आत येऊ द्यायची नाही. दुसऱ्या रात्री बाबा झोपले.

मी तिला विचारलं, “तुम्ही प्रार्थना करता का?” ती म्हणाली, “करते ना, ड्युटीला यायच्या आधी. इथे आजोबांचा टाइम.”

बाबा त्यानंतर दीड वर्ष आमच्यात होते. ही गोष्ट मी त्या पालकांनाही सांगितली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

पण त्या पालकांची शंका चुकीची होती का?

नाही. मला ती रास्त वाटते. आजारी माणूस परावलंबी असतो. पाणी पाजणाऱ्या हाताला “नाही” म्हणणं त्याला जड जातं. अशा वेळी कुणी त्याला धर्म शिकवायला लागलं, तर तो त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणं होईल. पूर्वीच्या मिशन रुग्णालयांत उपचारांबरोबर धर्मोपदेशही होत असे, ही गोष्ट लपवायचं कारण नाही. त्याच वेळी, त्यांनी उभं केलेलं कामही नाकारता येणार नाही. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयाकडे दूरदूरच्या गावांतून लोक येत राहिले. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही आहे.

या प्रश्नावर सगळ्यात स्पष्ट भूमिका फ्लॉरेन्स नाइटिंगेलने घेतली. ती स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होती. रुग्णसेवा हे आपल्याला देवाकडून आलेलं बोलावणं आहे, असं ती मानत असे. १८५३ मध्ये तिच्याकडे लंडनमधल्या आजारी स्त्रियांच्या एका संस्थेचा कारभार आला. संस्थेच्या समितीला फक्त आपल्या पंथाचे रुग्ण हवे होते. नाइटिंगेलने ते मान्य केलं नाही. सगळ्या धर्मपंथांच्या स्त्रियांना प्रवेश मिळेल आणि त्यांना त्यांच्या त्यांच्या धर्मगुरूंना भेटता येईल, ही अट तिने मान्य करून घेतली. पुढच्याच वर्षी ती ३८ स्त्रियांना घेऊन क्रिमियन युद्धातल्या जखमींच्या सेवेला गेली. त्यांत वेगवेगळ्या पंथांच्या सिस्टरही होत्या.

आज जगभरातल्या परिचारिकांसाठी जी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे, ती १९५३ मध्ये पहिल्यांदा स्वीकारली गेली. रुग्णाच्या चालीरीती आणि आध्यात्मिक श्रद्धा यांचा मान राखणं हे परिचारिकेचं कर्तव्य आहे, असं तीही सांगते. म्हणजे त्या पालकांची काळजी आणि चांगल्या सिस्टरचा नियम एकच आहे. श्रद्धा सिस्टरला रुग्णाजवळ थांबायचं बळ देते. रुग्णाजवळ बोलायची ती रुग्णाच्या श्रद्धेबद्दल, आणि तेही त्याला हवं असेल तरच. ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याच्याजवळ नुसतं बसायचं. तीही आध्यात्मिक काळजीच आहे.

आपल्या मातीतलं आणखी एक उदाहरण

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, त्या बाळंतपणं करू लागल्या, कुष्ठरोग्यांची काळजी घेऊ लागल्या. “तूही मोलाची आहेस” हे एखाद्या बाईला पटवून देणं, हाही आरोग्याचा भाग आहे, हे जामखेडने दाखवलं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि अशी सेवा एकाच धर्माची मक्तेदारी नाही. २०२० च्या कोरोनाकाळात आपल्या भिवंडीत शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी ऑक्सिजनची सोय झाली होती, ती आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल.

वर्गात काय करता येईल?

१. “कोण बसलं होतं?” मुलांना विचारा, तू आजारी होतास तेव्हा जवळ कोण होतं? त्यांनी काय केलं म्हणून बरं वाटलं? माझ्या वर्गात ‘औषध दिलं’ हे उत्तर फार थोड्यांनी दिलं. ‘आजीने पाय चेपले’, ‘पप्पा कारखान्यात नाइटला गेले नाहीत’ अशी उत्तरं आली.

२. नाटुकलं. शोमरोन्याची गोष्ट नाशिक महामार्गावर आणा. अपघात झालाय, गाड्या थांबत नाहीत, लोक मोबाईलवर शूटिंग करतायत. कोण थांबेल? शेवटी तात्पर्य सांगू नका, मुलांनाच बोलू द्या. मूळ गोष्ट सोप्या मराठीत हवी असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. त्याचबरोबर एकनाथ महाराजांनी काशीची गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, तीही कथा सांगा. दोन्हींत काय सारखं आहे, हे मुलं बरोबर ओळखतात.

३. शुभेच्छापत्र. १२ मे हा नाइटिंगेलचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून पाळतात. तेव्हा सुट्टी असते, म्हणून एप्रिलमध्येच जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरसाठी पत्रं लिहून घ्या.

पालकांसाठी थोडंसं

आजारी नातेवाइकाला भेटायला जाताना मुलांना नेणार असाल, तर आधी रुग्णालयाचे नियम विचारा. आणि मग एवढं सांभाळा:

• उभ्याउभ्या बोलू नका, बसा.
• “काही होत नाही” असं उगाच म्हणू नका. न मागता सल्ले आणि खोटा धीर देणाऱ्या पाहुण्यांवर नाइटिंगेलने १८५९ च्या आपल्या पुस्तकात एक आख्खं प्रकरण लिहिलंय!
• “तुम्हाला काय हवंय?”, “कशाने बरं वाटतं?” असं विचारा. हरिपाठ असो, नमाज असो, जपमाळ असो की जुनी गाणी, ते त्यांचं असू द्या.
• त्यांना रडू आलं तर रडू द्या. हात धरून बसा.

शाळेत मी त्या दिवशी ख्रिस्ती धर्म शिकवला का? मी एका शब्दाचा अर्थ शिकवला. ‘सिस्टर’ म्हणजे बहीण. नात्यातली नसूनही आजारपणात बहिणीसारखी जवळ थांबणारी. परवा तोच मागच्या बाकावरचा मुलगा सांगत होता, “बाई, आजी ॲडमिट आहे. मी तिला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, तू बस.”

“मग तू काय केलंस?”

“बसलो.”

तुमच्या वर्गातले, घरातले असे अनुभव असतील तर जरूर कळवा.