याले जोड नाही

प्रश्न : दिवाळीसाठी आणलेल्या बदामाच्या खोक्यावर 'नॉनपरेल' असा शब्द होता. दुकानदार म्हणाले, जातीचं नाव आहे. मुलीच्या शब्दकोशात मात्र 'अतुलनीय' असा अर्थ निघाला. खरं काय? आणि आपल्याकडे याला नेमका शब्द कोणता?
— एक वाचक, सौंसर (जि. पांढुर्णा)

उत्तर : दोघंही बरोबर आहेत. शब्द मूळ फ्रेंच, अर्थ 'ज्याच्या बरोबरीचं कुणी नाही' असा. विशेषण म्हणून तो इंग्रजीत आज क्वचितच भेटतो, नावांमध्ये मात्र टिकून आहे. छापखान्यात 6 पॉइंटच्या बारीक टाइपाला हेच नाव होतं. नॉनपरेल बदाम मूळचा कॅलिफोर्नियाचा. ए. टी. हॅच यांनी 1879 साली ही जात तिथे तयार केली. टरफल कागदासारखं पातळ, आतला गर गुळगुळीत.

मराठीत यासाठी एक शब्द नाही, चांगले पाच-सहा आहेत, आणि प्रत्येक जण वेगळी तुलना नाकारतो. अतुल म्हणजे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवायला ज्याच्या तोलाचं काही नाही. अनुपम म्हणजे उपमा न सापडणारं. अप्रतिम म्हणजे ज्याची दुसरी प्रतिमा नाही. हा शेवटचा शब्द आपण भज्यांपासून भाषणांपर्यंत सगळ्यांवर उधळला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या भागासाठी मी बेजोड निवडेन. 'बे' फारसी, 'जोड' आपला. पोळ्याच्या तोरणाखाली सजून उभा असलेला बैल पाहून कुणी म्हणतो, "याले जोड नाही." औताला दोन बैल लागतात, उंचीला, चालीला, ताकदीला सारखे. तसा दुसरा मिळत नाही, तेव्हा जोड नसणं ही बैलाची स्तुती असते आणि धन्याची अडचणही. 'नॉनपरेल'च्या मुळाशी हीच बरोबरी आहे, म्हणून खोक्यावर मराठीत 'बेजोड बदाम' शोभेल.

एवढं मात्र जपावं, की हे सगळे गौरवाचे शब्द आहेत. नुसत्या वेगळेपणाला ते लावू नयेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. अशी दुसरी जत्रा मला ठाऊक नाही. पण तिथे दगडांनी डोकी फुटतात, माणसं दगावलीही आहेत. तिला मी एकमेव म्हणेन. अप्रतिम माझ्याच्यानं म्हणवत नाही.